आढीतले सात आंबे

चैत्र लागला की आमच्याकडे सकाळचा गॅस दूध आणि चहापुरता पेटतो. नाश्त्याला फळं. ही पद्धत माझ्यामुळे पडली, आणि पडली ती फुशारकीतून. कारखान्यात कुणीतरी सकाळी नुसती फळं खाऊन आपलं पोट कसं आत गेलं ते सांगत होतं. मी घरी येऊन तेच माझं स्वतःचं जुनं मत असल्यासारखं ऐकवलं. बायकोनं वाद घातला नाही. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या जागी ताटभर कलिंगड आलं.

पहिला महिनाभर मी घरी कलिंगड खायचो आणि कागलच्या एमआयडीसीत उतरलो की गेटसमोरच्या गाड्यावर मिसळ खायचो. एक दिवस शर्टाच्या खिशावर कटाचा लाल थेंब घेऊन घरी आलो. ती थेंबाकडे बघत म्हणाली, "आजचं कलिंगड फारच तिखट निघालेलं दिसतंय."

तेव्हापासून मी सुधारलो, आणि खरं सांगायचं तर मला त्याची गोडीच लागली. सहाच्या सुमाराला मागच्या दारची पायरी अजून रात्रीची गार असते. तिथं बसून कलिंगडाच्या फोडी खायच्या आणि बिया थेट परसात उडवायच्या. खरबूज असलं तर ती त्यात गूळ आणि वेलची घालून ठेवते, त्याला जे पाणी सुटतं ते मी वाटी तोंडाला लावून पितो. मग पपई, छोटी देशी केळी, मे महिन्यात करवंदं. एवढं खाऊन कंपनीच्या बसमध्ये बसलं की पोट हलकं आणि डोकं शांत असतं. शेजारचा वडे खाऊन ढेकर देत असतो, त्याच्याकडे मी थोडं वरून बघतो. आंब्याला मात्र आमच्या पायरीवर वेगळा मान आहे, आणि मी सगळ्यात मोठा घोळ घातला तोही आंब्यातच.

मेच्या पहिल्या रविवारी सासरे शिरोळहून एसटीनं आले. कापडी पिशवीत सात कच्चे आंबे. त्यांच्या उसाच्या बांधावर एक रायवळ आंबा आपसूक उगवला होता. कुणीतरी खाऊन फेकलेल्या कोयीचा. आठ वर्षं ते नांगर त्याला वळसा घालून नेत होते. दोन महापुरांत ते झाड आठवडा-आठवडा पाण्यात उभं राहिलं आणि जगलं. यंदा त्याला पहिल्यांदा फळ धरलं होतं, एवढे सातच, आणि यंदाच माझ्या मेव्हण्यानं ते तोडायचं ठरवलं होतं. सावलीत ऊस बारीक राहतो म्हणून.

"मी पोराला सांगिटलंय," सासरे बायकोला म्हणाले, "एकदा फळ चाखू दे, मग कुऱ्हाड लाव. गोड निघालं तर ऱ्हाईल. आंबट निघालं तर मी बी आडवा येणार न्हाय."

"मग घरीच पिकवायचे की आबा. इथं कशाला आणलेत?"

"तिथं समदी त्याच्या बाजूची हायती. आंबा गोड असला तरी तोंड वाकडं करतील. तुझ्या जिभंचा मला भरवसा हाय. पुढल्या रविवारी येतो. तवर हात लावायचा न्हाय."

बायकोनं लगेच जाहीर केलं की आबांचा आंबा चाखल्याशिवाय यंदा ती दुसरा आंबा तोंडात घालणार नाही. आणि आढी घालायचं काम मी मागून घेतलं. आढी म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. भाताच्या पिंजारात कच्चे आंबे नीट मांडायचे, वरून पुन्हा पिंजार पसरायचं आणि वाट बघायची. माझ्यात यातलं शेवटचं नाही.

त्याच दिवशी सकाळी मीही बाजारातून डझनभर कच्चे आंबे आणले होते. पिंजार होतं एकाच खोक्यापुरतं. मी विचार केला, एका खोक्यात दोन आढ्या घालू. सासऱ्यांचे डावीकडे, माझे उजवीकडे. मध्ये वर्तमानपत्राची घडी उभी केली. आपण कारखान्यात माणसं सांभाळतो, एकोणीस आंबे सांभाळता येणार नाहीत का, असं स्वतःशी म्हणालोसुद्धा.

रोज कामावरून आलो की मी जिन्याखाली जाऊन खोका बाहेर ओढायचो. खालचे आंबे वर, वरचे खाली. कुठला मऊ झालाय ते अंगठ्यानं दाबून बघायचं. मंगळवारी वर्तमानपत्राची घडी आडवी झालेली दिसली. मी ती पुन्हा उभी केली आणि अंदाजानं आंबे दोन्हीकडं वाटले. त्या दिवशी खोका ओढून परत सारताना उलटा सरकवला की सरळ, हेही मला सांगता आलं नसतं.

बुधवारी पहिले आंबे पिकले. मी उजव्या बाजूचे तीन काढून पायरीवर बसलो. बायको शेजारी पपई खात होती.

"आबांचे वेगळे ठेवलेत ना?"

"म्हणजे काय," मी म्हणालो. तोंड भरलेलं असलं की माणूस खोटंही छान बोलतो.

गुरुवारी तीन, शुक्रवारी तीन, शनिवारी दोन. त्यातले काही बरे होते. पण काही असे होते की मी पायरीवरच डोळे मिटले. वास हाताला दुपारपर्यंत राहिला. मी बायकोसमोर त्या बाजारवाल्याची इतकी स्तुती केली की तिनं पपईची फोड खाली ठेवली. शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडं आणखी घ्यायलाही गेलो. त्यानं एक कापून चाखायला दिला. मी म्हणालो, हा तो नव्हे. तो म्हणाला, एकाच बागेचा माल आहे. मी त्याला लबाड ठरवून रिकाम्या हातानं घरी आलो.

रविवारी सासरे पहिल्या गाडीनं आले. बायकोनं मागच्या दारी चटई अंथरली होती. मी खोक्यात उरलेले सगळे आंबे पाण्याच्या बादलीत घालून ऐटीत त्यांच्यासमोर ठेवले.

सासऱ्यांनी बादलीत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पावणं, मी सात आणलं हुतं न्हवं?"

"हो मामा."

"हितं आठ हायती. आढीत पिलं घातली व्हय?"

बायको माझ्याकडं बघायला लागली. मी बादलीकडं. शेवटी उजवी बाजू, डावी बाजू, वर्तमानपत्राची घडी, सगळं सांगून टाकलं. सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आठ वर्षं वळसा घालून नांगर नेणारा माणूस आपल्या झाडाचं फळ ओळखता येत नाही म्हणून बादलीसमोर बसलाय, आणि त्याला तिथं बसवणारा मी. त्या पायरीवर इतका लहान मी कधी झालो नव्हतो.

मग त्यांनी बाह्या सारल्या आणि एकेक आंबा बाहेर काढून देठाकडून बघायला लागले. "मी देठ ठेवून तोडलं हुतं. चीक अंगावर पडाय नको म्हणून. व्यापाऱ्याच्या मालाला काळं ओघळ असत्यात, हे बघा." सहा आंबे एका बाजूला गेले. दोन त्यांच्या हातात राहिले.

"दोनच?" बायको म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "म्हणजे पाच तुम्ही खाल्लेत."

"मला माहीत नव्हतं."

"ते कळलं आम्हाला."

सासऱ्यांनी एक आंबा तिला दिला, एक स्वतः घेतला. दोघं बापलेक आंबा हातात चोळून मऊ करून, देठ काढून चोखायला लागले. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं मी काही केलंही नव्हतं. शेजारच्या आवारात कुणीतरी नळाखाली कळशी लावली होती, तेवढाच आवाज.

"वरून गोड हाय," सासरे हळू म्हणाले. "कोयीजवळ आंबट लागतंय. खोटं कशाला बोलू."

"आहे थोडा आंबट," बायको म्हणाली. तिनं कोय अजून टाकली नव्हती. पांढरी पडेपर्यंत चोखत होती. "पण आबा, बाजारवाल्याचा आंबा मी असा खाल्लेला बघितलाय का कधी?"

ते माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा पावणं. तुमास्नी ठावं नव्हतं कुणाचं खाताय. तुमची साक्ष खरी."

मग मी बाजारवाल्याची स्तुती, डोळे मिटणं, शनिवारचं भांडण, सगळं सांगितलं. त्या बिचाऱ्याला मी लबाड म्हणालो हेही. सासऱ्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी मोबाइल काढला, पोराला लावला आणि माझ्या हातात दिला. "सांगा. मी सांगिटलं तर म्हातारा झाडासाठी बोलतुया म्हनंल."

"दाजी, काय निकाल?" मेव्हणा पलीकडून म्हणाला. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"झाड ठेव. आंबा चांगला आहे."

"किती चाखलासा?"

"पाच."

"पाच? आणि ऱ्हायलेलं?"

"एक आबांनी, एक तुझ्या ताईनं. आत्ताच."

ट्रॅक्टर बंद झाला. "म्हंजे झाड माज्या बांधावर, सावली माज्या उसावर, आणि माज्या वाटणीला कोय बी न्हाय?"

"नाही उरला."

"मग मी काय समजून तोडू? न चाखता?" ट्रॅक्टर पुन्हा चालू करत तो म्हणाला, "पुढल्या साली पहिला आंबा मी खाणार. मग काय त्ये बघू. आणि तुमी लांब ऱ्हावा दाजी, झाडापासून बी आणि आढीपासून बी."

मी फोन परत दिला आणि सासऱ्यांना म्हणालो, एक वर्ष मिळालं. त्यांनी मान हलवली. रायवळ झाडाला दुसऱ्या वर्षी जास्त फळ धरतं, एवढंच बोलले. मग चटईवर मांडी घट्ट केली, बाजूला काढलेल्या सहा आंब्यांतला एक उचलला, दाबून बघितला आणि चोखायला लागले. बायकोनंही यंदाचा दुसरा आंबा घेतला. आणखी एक तिनं माझ्यापुढं सरकवला.

"व्यापाऱ्याचं बी काय वाईट न्हाय," सासरे म्हणाले.