स्टिरिओ तोच राहील

जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या बिघडणार, यावर माझ्या मोठ्या साडूंची जेवढी गाढ श्रद्धा आहे, तेवढी मी कुणा भक्ताची देवावरही पाहिलेली नाही. आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा बायकोनं त्यांना कौतुकानं बोलावलं. त्यांनी पेढा हातात तसाच धरून फ्रिजला कान लावला, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात मला म्हणाले, "कॉम्प्रेसर थकेल गा लवकरच. मन तयार ठेव." सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला हा उंच, थोडा वाकलेला माणूस खिशात पेनाऐवजी स्क्रू पिळायचा पेचकस बाळगतो. जेवढं बिघडलं तेवढंच बदलायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे त्यांच्या पायातल्या दोन चपला कधी एका वयाच्या नसतात. एकदा कन्हानला एका नातेवाइकाच्या तेरवीला आम्ही गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले आणि वर पंखा करकरत होता. साडूंनी पाच मिनिटं सोसलं, मग बटण बंद करून स्टुलावर चढले. ज्याचे वडील गेले होते तो मुलगा रडणं थांबवून स्टूल धरून उभा राहिला. खाली उतरून साडू त्याला म्हणाले, "स्क्रू ढिल्ला होता. तुह्या बाबानं कधी वर पाहिलंच नाही वाटते." मुलगा खुदकन हसला आणि मग जास्तच रडू लागला. साडू त्याच्या पाठीवर हात ठेवून जेवणं होईस्तोवर तिथंच बसून राहिले.

यंदा त्यांच्या जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांतले स्पीकर फाटले. कुठलंही गाणं लावलं तरी गाणाऱ्याला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. मी त्यांच्याबरोबर सदर भागातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं उत्साहानं मोठा काचेचा पडदा पुढे केला. "काका, पूरा सिस्टम ही बदल डालो. टचस्क्रीन लगा देता हूँ, नक्शा भी दिखेगा."

"स्टिरिओ तोच राहील," साडू म्हणाले.

"लेकिन उसमें दम नहीं है, काका."

"म्हणूनच म्हणतो, कमी दमात मोठ्यानं वाजतील असे स्पीकर दाखव. आणि दाराच्या भोकात बसले पाहिजेत. दार कापू देणार नाही."

एरवी अशा तत्त्वावर ते तासभर बोलले असते. त्या दिवशी एवढंच बोलले आणि माझ्याकडे न बघता स्पीकर तपासत राहिले.

रविवारी सकाळी त्यांच्या सक्करदऱ्याच्या घरासमोर काम सुरू झालं. दाराचं आतलं पॅनल उतरवताना चार क्लिपा तुटल्या आणि प्रत्येकीला त्यांनी "गेली" असं म्हणून श्रद्धांजली वाहिली. जुने स्पीकर निघाले, त्यांचा कागद वाळक्या पानासारखा हातात आला. नवे बसले. मग ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पुढच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांनी गाणं लावलं, डोकं थोडं कलतं करून ऐकलं.

"अहो, आवाज मोठा आला, पण पोकळ काहून लागून राहिला? बाई शेजारच्या घरात गाऊन राहिली असं वाटते."

"नवे आहेत वं. मोकळे होतील हळूहळू."

"तुम्ही एकदा पाहा नं."

साडूंनी कुरकुरत डावं दार पुन्हा उघडलं. त्या बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. "माझी चूक," ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. तारा सरळ केल्या, आणि गाणारी बाई शेजारचं घर सोडून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. ताई हसल्या. साडू मात्र नळावर हात धुवायला गेले. मी मागोमाग गेलो.

"भाऊजी, एवढ्या खटपटीपेक्षा तो पडदाच बसवला असता तर?"

त्यांनी नळ बंद केला. हात पुसायचे विसरून म्हणाले, "तिची नजर चालली गा. दोन्ही डोळ्यांची. डॉक्टर म्हणते, आहे तेवढी हळूहळू जाईल. याचा सुटा भाग भेटत नाही, मी सगळीकडे विचारलं." मग गाडीकडे बोट करून म्हणाले, "परवा मी बाहेर आलो, तर ती गाडीत डोळे मिटून बसली होती. बोटानं बटनं मोजून राहिली होती. इथं रेडिओ, इथं आवाज, इथं पुढचं गाणं. मले पाहून म्हणे, धूळ पुसून राहिली. आता सांग, काचेच्या पडद्यावर बोटाले काय लागते? काहीच नाही."

त्यांनी माझ्या दंडावर ओला हात ठेवला आणि मला गाडीकडे नेलं.

आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. मी मागं बसलो होतो. तलावाजवळ साडूंनी गाडी कडेला घेतली. ताईंनी न बघता हात पुढे केला, गोल बटण बरोबर बोटाला लागलं, गाणं बारीक झालं.

"कुठं आलो?"

"तलावावर."

"पाणी कसं आहे?"

ज्या माणसानं आयुष्यात कधी कशाचं वर्णन बिघाडाशिवाय केलं नव्हतं, तो खिडकीबाहेर बघत सांगू लागला. "काठाले हिरवं आहे. मधात ऊन पडून राहिलं. त्या टोकाले तीन बगळे आहेत. नाही, चार. एक जण मान आत ओढून बसला, रुसल्यासारखा."

ताईंना त्या दिवशी दिसत होतं. थोडं, धूसर, पण दिसत होतं. तरी त्यांनी तलावाकडे मान वळवली नाही. साडू बगळे मोजत होते, आणि त्या सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.