कापूस वेचणाऱ्याची गिटार

सत्तरच्या दशकात सदर भागातल्या एका कॉलेजमित्रानं मला आपली गिटार, रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड वापरायला दिली. रेकॉर्ड अमेरिकेतल्या एका काळ्या म्हाताऱ्याची होती. वाजवणारा एकटाच, पण ऐकताना वाटे, दोघं बसलेत. अंगठा जाड तारांवर एका चालीत चाले आणि बाकीची बोटं बारीक तारांवर आपल्या मर्जीनं हिंडत. मी तीन महिने झगडलो. बोटं हलली की अंगठा थांबे. बोटांची टोकं सोलून निघाली. शेवटी चिडून ठरवलं, रविवारी गिटार परत. माझ्यासारख्या मठ्ठानं हिच्या नादी लागूच नये.

शनिवारी, शेवटची म्हणून, रेकॉर्ड लावली. आई तांदूळ निवडत होती.

"कोन होय गा हा?"

कव्हरमागचा इंग्रजी मजकूर मी तिला मराठीत सांगितला. हा लहानपणापासून कापूस वेचायचा. गिटार आपली आपणच शिकला. तरुणपणी चार रेकॉर्डी निघाल्या, मग कोणी विचारलं नाही. कित्येक वर्षं मजुरी केली. म्हातारपणी काही पोरं शोधत आली, तेव्हा घरात गिटारसुद्धा नव्हती. त्यांनी हातात दिली, आणि यानं वाजवली.

आई मात्र कापसापाशीच थांबली होती. हिंगण्यापलीकडच्या गावात लग्नापर्यंत तिनं तेच केलं होतं. तिनं सूप बाजूला सारलं, वेचलेला कापूस ठेवायला करतात तशी पदराची ओटी खोचली आणि हवेतच वेचू लागली. पाय रेकॉर्डमधल्या अंगठ्याबरोबर सरकत होते, दोन्ही हात मात्र आपापल्या मर्जीनं. एक ठोका चुकला नाही.

"तू हाताकडे पाहून राह्यला, म्हणून अडते तुह्यं," ती म्हणाली. "हाताकडे पाह्यलं तं पात सरत नाही. नजर पुढच्या झाडावर ठेवाची."

पात म्हणजे वेचणारीच्या वाट्याची ओळ. मी गिटार उचलली आणि नजर तिच्या पावलांवर ठेवली. अंगठा चालू लागला. अडखळला, पण थांबला नाही.

आणि वेचता वेचता आई गुणगुणू लागली, मग चक्क गाऊ लागली. वीस वर्षांत मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. एवढा मोकळा आवाज आमच्या दोन खोल्यांत कुठं दडून होता, मला कळेना. गिटार परत करायची होती हेही मी विसरलो.

"आई, घरात तू कधी गायली काहून नाही?"

"घरात कापूस कुठं होता गा?"