जुन्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक

बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा पहिला पेपर द्यायला मी अकोल्याच्या कॉलेजात वर्गात शिरलो, तेव्हा अख्खा वर्ग उठून उभा राहिला. माझं वय तेव्हा छत्तीस. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाकावर चष्मा, बगलेत रेक्झिनची बॅग. पोरापोरींना वाटलं, सुपरव्हायजर आला. शहाण्या माणसानं अशा वेळी मान खाली घालून आपला नंबर असलेला बाक शोधावा. मी हात वर करून म्हणालो, "बसा, बसा." सगळे बसले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं तर कंपासपेटीतली चिठ्ठी स्वतःहून आणून टेबलावर ठेवली आणि सॉरी सर म्हणाली. मी तिला समजुतीचे चार शब्द सांगितलेही. मग खरा सुपरव्हायजर आला, माझ्याहून वयानं लहान, आणि त्यानं मला विचारलं, आपण कोण? माझा नंबर नेमका त्या मुलीच्या मागच्या बाकावर होता. तीन तास तिची पाठ माझ्यावर रागावलेली होती.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती हसता हसता ओट्याला टेकून खालीच बसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, म्हणजे या वयात बसू देतात तर. पुढच्या वर्षी माझाही फॉर्म आणा.

आम्ही दर्यापूरला राहायचो. मी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कारकून, ती जवळच्या गावात अंगणवाडी सेविका. दोघंही बारावीवर थांबलेले. बाहेरून बी.ए. करायचं म्हणजे कॉलेजात पाय ठेवायचा तो तीनदाच: फॉर्म भरायला, वेळापत्रक पाहायला आणि पेपर द्यायला. वर्ग नाही, हजेरी नाही, सर नाहीत. बाजारातून गाईड आणायचं आणि घरच्या घरी आपणच आपले मास्तर व्हायचं. पदवी मात्र इतरांसारखीच.

मी फॉर्म भरला तो भीतीपोटी. कापसाचे दिवस वाईट आले होते. हंगामात ज्या फाटकापासून बैलबंड्यांची रांग थेट नाक्यापर्यंत जायची, तिथं भरदुपारी कुत्री पसरलेली असायची. निम्मी यंत्रं झाकून ठेवली होती. मालक म्हणायचे, पुढच्या साली पाहू. माझ्या मनात होतं की पदवी असली तर जिनिंगच्या बाहेर कुठंतरी चिकटता येईल. कुठं, ते मला ठाऊक नव्हतं. बायकोला मात्र पक्कं ठाऊक होतं. ती दुसऱ्या वर्षाला असताना बातमी आली की सेविकांमधूनच पर्यवेक्षिका घेणार आहेत. पदवी लागणार होती आणि वयाची अट होती. ती अट तिला पुढच्या दिवाळीपर्यंतच पुरत होती. म्हणजे तिसरं वर्ष उन्हाळ्यात एका दमात निघालं तरच उपयोग.

तिचा अभ्यास अंगणवाडीतच व्हायचा. पोरं खिचडी खाऊन घरी गेली की ती भांडी पालथी घालायची आणि फळ्यावर मुद्दे लिहायची. मी एकदा तिला घ्यायला गेलो, तर फळ्यावर आंबा, बदक आणि त्यांच्याखाली 'नियोजनाची उद्दिष्टे'. आमचं गाईड एकच असायचं. पहिल्या दोन वर्षांत मी एक वर्ष पुढं होतो, तेव्हा माझंच गाईड तिला मिळायचं, माझ्या खुणांसकट. महत्त्वाच्या प्रश्नावर मी लाल रेघ मारायचो. ती म्हणायची, तुम्ही लाल केलेला प्रश्न कधी येत नाही, म्हणून मी तो शेवटी करते. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे.

तिसऱ्या वर्षी मी राज्यशास्त्रात आपटलो. बाकी सगळं निघालं, तेवढं राहिलं. आणि नेमका पुढच्या सालापासून अभ्यासक्रम बदलला. त्यामुळे तिला नवा अभ्यासक्रम लागला आणि मी राहिलो जुन्यात. तिच्यासाठी नवं गाईड आणलं तेही मीच, अमरावतीहून. अभ्यासात आता ती माझ्या पुढं गेली होती. मी वरवर थट्टा करायचो, आता मॅडमच्या हाताखाली काम करावं लागणार म्हणायचो. ती हसायची. मला आतून तेवढं हसू येत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तेव्हा हॉल तिकिटावर विषय असायचे, तारखा नसायच्या. तारखा कॉलेजच्या बोर्डावरून उतरवून आणाव्या लागत. तिचं केंद्र अमरावतीला होतं, कारण माहेर बडनेऱ्याला. सासूबाई स्टेशनबाहेर फुलं आणि हार विकायच्या. ती म्हणाली, "मायले भेटाले जायचंच हाये, बोर्ड मीच पाहून येईन."

मी म्हणालो, "तू अभ्यास कर. कागदाचं काम कारकुनाचं असते."

गेलो. बोर्डापुढं ही गर्दी. काचेमागं दोन कागद शेजारी शेजारी लावलेले, दिसायला सारखेच. एकावर वर बारीक अक्षरात जुना अभ्यासक्रम, दुसऱ्यावर नवा. मी टाचा उंच करून आधी माझं राज्यशास्त्र शोधलं. अगदी शेवटच्या आठवड्यातला सोमवार, सकाळी अकरा. ते लिहून घेतलं आणि मग त्याच कागदावरून खाली उतरत तिचे विषय उतरवून घेतले. शेजारचा कागद मला दिसलाच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दिसला होता. तो या नव्या पोरांचा, असं काहीतरी मनात आलं आणि मी गर्दीतून बाहेर पडलो. घरी आल्यावर पांढऱ्या कागदावर पट्टीनं लाल रेघा आखून वेळापत्रक तयार केलं. जिनिंगमध्ये माझं अक्षर नावाजलेलं होतं. ते वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलं, तेव्हा ती म्हणाली, लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसून राहिलं.

मराठी आणि इंग्रजीच्या तारखा दोन्ही कागदांवर एकच होत्या, म्हणून पहिले दोन पेपर सुरळीत गेले. मग माझ्या कागदाप्रमाणे अर्थशास्त्र गुरुवारी. मधले दिवस ती माहेरीच राहिली, आणि जिनिंगमध्ये मला काही काम नव्हतं म्हणून मीही सोमवारी तिथं जाऊन पोचलो.

मंगळवारी मी सराव परीक्षा घेतली. अगदी पेपरासारखी, अकरा ते दोन. सासूबाई दारात शेवंतीचा ढीग घेऊन हार गुंफत बसल्या होत्या, त्यांना बोलायची मनाई केली. मी प्रश्न काढायचो, ती तोंडी उत्तर द्यायची. तिला सगळं येत होतं. शेतीच्या कमी उत्पादकतेची कारणं विचारली, तर गाईडातले सहाच्या सहा मुद्दे ओळीनं सांगितले आणि वर सातवा जोडला. म्हणाली, शेतात राबणारी माणसंच वीटभट्टीवर निघून गेली, माझ्या अंगणवाडीतली अर्धी पोरं त्यांच्यासंगं गेली, हे काहून नाही लिहिलं पुस्तकात? मी म्हणालो, हे लिहू नको, याला मार्क नाहीत. तरी मी खूश होतो. दोन वाजता मी उठलो आणि सासूबाईंना सांगितलं, हिचं अर्थशास्त्र झालं समजा.

त्याच तीन तासांत तिथून दोन-तीन कोसांवर अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्राचा पेपर झाला. तिचा बाक रिकामा ठेवून.

गुरुवारी मी तिला पोचवायला गेलो. ती आत गेली आणि मी आवारातल्या कडुलिंबाच्या पारावर डबा घेऊन बसलो. शेजारी आणखी एक नवरा होता, मोझरीकडचा, त्याचीही बायको आत. मी त्याला बायकोची तयारी कशी करून घ्यावी यावर व्याख्यान दिलं. सराव परीक्षेचं सांगितलं, कारणांचे सहा मुद्दे सांगितले. तो भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आज तर समाजशास्त्र हाये न, भाऊ?"

मी म्हणालो, "तुमचं असंन. वेळापत्रक नीट पाहत जा."

त्यानंतर मात्र मला पाण्याची तहान लागत राहिली. दोनदा उठून नळावर गेलो. बोर्ड नळाच्या पलीकडेच होता. तिथवर गेलो नाही.

दोन वाजता ती बाहेर आली. सोबत तिच्या पुढच्या बाकावर बसणारी एक मुसलमान मुलगी होती. तिच्या घरचा बांगड्यांचा व्यवसाय, आणि पहिल्या दोन पेपरांत दोघींची चांगली गट्टी जमली होती. तीच मला म्हणाली, "भाईजान, मंगळवारी ताईले काहून नाही आनलं? मले वाटलं, तब्येत खराब झाली."

मी बायकोकडं पाहिलं. तिनं त्या मुलीकडून अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि उन्हात उभ्या उभ्या सगळी वाचली. मागचं पानही वाचलं. परत दिली. मग मला तिथंच ठेवून बोर्डाकडं गेली आणि बराच वेळ तिथं उभी राहिली.

मी ऑफिसकडं धावलो. अर्ज लिहितो म्हणालो. कारकुनाला दुसरं काय सुचणार? तिथला बाबू माझ्यासारखाच होता, पन्नाशीचा, चष्म्यावरून पाहणारा. त्यानं अर्ज घेतलाही नाही. गैरहजर म्हणजे गैरहजर, हिवाळ्यात फॉर्म भरा, म्हणाला. मी म्हणालो, चूक तिची नाही, माझी आहे. तो म्हणाला, इथं सगळेच तसं म्हणतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. समाजशास्त्राच्या पेपरात त्या दिवशी तिनं काहीही न वाचता तीन तास लिहिलं होतं, त्यात ती पास झाली. राहिलेलं अर्थशास्त्र तिनं हिवाळ्यात काढलं, आणि तिन्ही वर्षांतले तिचे सगळ्यात जास्त मार्क त्याच विषयात. पण तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि पर्यवेक्षिकांची यादीही लागून गेली होती. जिनिंग दोन वर्षांनी बंद झाली. माझं राज्यशास्त्र निघालं, पदवी मिळाली, आणि ती घेऊन मी एका कृषी केंद्रात बिलं लिहायला लागलो, जिथं बारावी पुरली असती. ती आजही सेविका आहे. तिच्याहून बारा वर्षांनी लहान पर्यवेक्षिका महिन्याला येते, तिचं रजिस्टर तपासते, सही करते. ही तिला चहा करून देते आणि तिच्या पोराची चौकशी करते. त्या बाईंचं काम चांगलं आहे असं ती मनापासून सांगते. ती घरी हे सांगायला लागली की मी काही ना काही निमित्त काढून उठतो.

त्या गुरुवारी आम्ही कॉलेजातून निघालो आणि बडनेऱ्याच्या ऑटोत बसलो. ऑटोत आणखी माणसं होती, त्यामुळे मला माफी मागता येईना, आणि रिकामी ऑटो असती तरी शब्द कुठून आणले असते कोण जाणे. डबा माझ्या मांडीवर तसाच होता. ती बाहेर पाहत होती. मी मनात तयारी करत होतो की आता ती काय काय म्हणेल, आणि प्रत्येकाला हो म्हणायचं ठरवलं होतं. स्टेशनाजवळ उतरलो, सासूबाईंची फुलांची टोपली दिसायला लागली, तेव्हा ती थांबली.

"तुमचं राज्यशास्त्र मी बोर्डावर पाह्यलं," ती म्हणाली. "येत्या सोमवारीच हाये, अकरा वाजता. तुमचं तुमी बरोबर लिवून आनलं होतं."