आतल्यांचा घास

जेवणाआधी मी ग्लासात फायबरची पावडर ढवळतो. पाणी गढूळ होतं, मग निवळतं. "हे तुमच्यासाठी नाही, तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी," असं डॉक्टर म्हणाले होते.

वडील जेवणाआधी ताटाभोवती भाताची चार शितं ठेवायचे, न दिसणाऱ्यांसाठी. माझंही तसंच झालंय. पण माझे न दिसणारे काही केल्या प्रसन्न होत नाहीत. पोट फुगतं, कळ येते. भाचीच्या लग्नात अक्षता हातात घेण्याआधी मी संडास कुठे आहे ते विचारून घेतलं.

आज बायकोने ताटं वाढली. माझ्या पोटाला सोसत नाही म्हणून कांदा नाही, लसूण नाही, डाळ नाही. तिच्याही ताटात तेच.

"तू तरी नीट जेव गं."

"एकटीसाठी फोडणी द्यावीशी वाटत नाही हो," ती म्हणाली.

माझ्या आतल्यांनी तिच्याही तोंडचा घास काढून घेतला होता.