राखीचा फोटो

माझं डोकं लवकर तापतं, तरी कॉलेजच्या तक्रार समितीवर मला घेतलं. ग्रंथपाल बाईचं तिथं काय काम, देव जाणे! आम्ही चौघं होतो: अध्यक्ष मॅडम, गणिताचे सर, परभणीहून एसटीनं येणाऱ्या वकीलबाई आणि मी.

तक्रार ऑफिसातल्या क्लार्क पोरीची होती. फाइल देताना हेडक्लार्क हात धरतात, पाठीवरून हात फिरवतात. तक्रार खोटी ठरली तर तिची नोकरी सुटणार होती. तिला घरी बसवायला घरचे तेवढ्याचीच वाट बघत होते.

वकीलबाईंनी आधी आमचीच शिकवणी घेतली. "घडलं का, ते बघा. लैंगिक स्वरूपाचं होतं का, ते बघा. तिला नको होतं का, ते बघा. ती गप्प बसली म्हणजे तिला चाललं, असं धरू नका." मी सगळं वहीत उतरवलं, पण समजलं म्हणाल तर शप्पथ! नको होतं हे ती बोललीच नसेल तर बघायचं कुठं? विचारलं तर म्हणाल्या, "तिच्या वागण्यात." घ्या! आणखीच गोंधळ.

मग हेडक्लार्क मोबाईल पुढं करतच आत आले. फोटोत ती पोरगी त्यांना राखी बांधत होती. "बहीण मानलंय हिला. मी असलं करीन का, तुमीच सांगा."

"राखी बांधली म्हणजे नातं चांगलंच हाय की," गणिताचे सर म्हणाले. मॅडमनी लिहिलं, संबंध सलोख्याचे.

राखीपौर्णिमेआधी ती पोरगी लायब्ररीत येऊन रडली होती, तेव्हा मीच म्हणाले होते, "बोभाटा करू नको बाई. एक राखी बांधून टाक, सरळ होतील." आमच्याकडं बायका हेच करत आल्यात. नव्यानं नोकरीला लागले तेव्हा मीही एकाला अशीच बांधली होती. तो माणूस सरळ झाला होता का? कुठला! मीच त्याच्या वाटेला जायचं सोडलं होतं.

आता ही राखी कुणाच्या बाजूची धरायची? हळूच वकीलबाईंच्या कानावर घातलं. "मग तुम्ही साक्षीदार," त्या म्हणाल्या, "समितीवर राहता येणार नाही." म्हणजे बोलले तर तिचं एक मत जाणार, न बोलले तर राखी तिच्या गळ्यात पडणार. डोक्याचा पार भुगा झाला. मी आपली गप्प बसले.

हेडक्लार्क गेल्यावर पोरीला बोलावलं. मॅडमनी विचारलं, "राखी आपल्या मनानं बांधली, का कुणी सांगितलं?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. "माझ्या मनानंच बांधली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खुर्ची सोडून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"मॅडम, ही खोटं बोलायली," मी म्हणाले. "माझं म्हणणं लिहून घ्या."