आबांच्या चाकूचं म्यान

गेल्या दिवाळीनंतर आबांनी स्वतःच्याच मांडीत चाकू घुसवून घेतला. आबा म्हणजे माझे वडील. मखमलाबादेला आमची गुलाबाची शेती आहे, आणि गुलाबाला डोळे भरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. रानगुलाबाच्या खुंटाला बारीक चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, असं ते काम. त्यासाठी करवतीच्या पात्यापासून करून घेतलेला, बाभळीच्या मुठीचा एक चाकू त्यांच्याकडे माझ्या जन्माआधीपासून आहे. तो ते जुन्या पेपरात गुंडाळून पायजम्याच्या खिशात ठेवत. त्या दिवशी बांधावरून उतरताना पाय घसरला, पेपर राहिला बाजूला आणि पातं मांडीत.

टाके पडले. दवाखान्यातून आल्या आल्या आईने चाकू धुतला, पुसला आणि पापडाच्या डब्यात ठेवून डबा वरच्या फळीवर चढवला.

"आता बास. हात थरथरतो, पाय घसरतो. डोळे भरायला गडी हाय," ती म्हणाली.

आबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. ओट्यावर बसून गडी वाफ्यात काय करतो ते लांबून बघत राहायचे. एरवी या माणसाच्या तोंडाला कुलूप लावावं असं आम्हालाच वाटायचं, आणि आता फोन केला तर नुसतं "हं, बरं हाय" म्हणून आईकडे फोन द्यायचे. मला ते सहन होईना.

मी नाशकात राहते, सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून बघून चामड्याच्या वस्तू हाताने शिवायला शिकले. नातेवाइकांना पाकिटं शिवून दिली, त्यांनी तोंडदेखलं कौतुक करून ती कपाटात टाकली. माझ्या छंदाची एवढीच कमाई. तरीही एका रविवारी मी आईला म्हटलं, "मी चाकूला चामड्याचं म्यान शिवते. मग तर देशील त्यांना?"

आईने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "शिव. म्यान मला पटलं आन् त्यांना नीट वापरता आलं, तर देईन. नायतर चाकू भंगारवाल्याला."

तिने डबा खाली काढला, चाकू कागदावर ठेवला, मी पेन्सिलीने भोवती रेघ मारली, आणि रेघ पुरी होते न होते तोच चाकू परत डब्यात गेला.

भद्रकालीत चपला-बुटांचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथून जाड कमावलेलं चामडं आणलं. पहिलं म्यान मी उत्साहात दोन संध्याकाळींत शिवलं आणि पार फसले. दोन चामड्यांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, आणखी एक चामड्याची पट्टी घालावी लागते. नाहीतर धार थेट शिवणीवर येते. ती पट्टी मी घातलीच नव्हती. आईने चाकू आत सरकवला, थोडा हलवला, आणि दोरा तटकन तुटला.

"ह्यो दोऱ्याला सोडंना, मांडीला काय सोडणार!" आई म्हणाली. मला तिचा असा राग आला म्हणता! चूक माझी होती, म्हणून तर जास्तच आला.

दुसऱ्या म्यानाच्या वेळी मात्र आबा स्वतः हजर राहू लागले. रविवारी सिटी बसने यायचे, हातात मेथीची जुडी. "तुझ्या आईनं पाठवलीय," म्हणायचे. मेथी आमच्या दाराशीही मिळते, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! मी त्यांना दोऱ्याला मेण चोळायचं काम दिलं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून एक सुई इकडून, एक तिकडून काढायची. आबा जवळ बसून बघत आणि हळूहळू पूर्वीसारखे बोलायला लागले. गडी डोळा उलटा बसवतो, पट्टी ढिली बांधतो, गुलाबाशी त्याचं वैर आहे. मध्येच म्हणाले, "त्या डॉक्टरपेक्षा तुझे टाके सरळ हायेत." मी खूष झाले, ते लपवलंही नाही.

या वेळी पट्टी घातली, वर बटण लावलेला बंद शिवला आणि चाकू आत हलूच नये म्हणून म्यान चांगलं घट्ट केलं. ओट्यावर परीक्षा झाली. आईने चाकू जोर लावून आत घातला, बटण लावलं, म्यान उलटं धरून झटकलं. चाकू जागचा हलला नाही. मान डोलावून तिने ते आबांच्या हातात दिलं. "काढा."

आबांनी ओढलं. चाकू निघेना. पुन्हा ओढलं, मुठीवरून बोटं सटकली. त्यांनी हात पायजम्याला पुसला आणि परत ओढलं. सुरक्षित करायच्या नादात मी ते त्यांच्या बोटांना झेपणार नाही असं करून ठेवलं होतं, आणि अट तर ठरलेली होती. आबांनी म्यान मांडीवर ठेवलं आणि खाली बघत बसले.

आई त्यांच्या शेजारी बसली, म्यानाचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं. "ओढा आता."

चाकू बाहेर आला.

"काढायचा असंल तवा मला हाक मारायची," ती म्हणाली. "एकट्यानं काढायचा नाय."

हिवाळाभर तसंच चाललं. आबा हाक मारायचे, आई हातातलं काम टाकून कुरकुरत वाफ्यात जायची. गेलीच आहे तर म्हणून पट्ट्या बांधायला लागली. फोनवर कोणता डोळा फुटला ते आता तीच सांगायची. मी आबांना म्हटलं, "म्यान भिजवून सैल करून देते." ते म्हणाले, "राहू दे, उगं काम वाढवू नको."

महाशिवरात्रीला घरी गेले. म्यान ओसरीत खिळ्याला अडकवलेलं होतं. हाताच्या तेलाने चामडं काळपट, छान दिसत होतं. मी बटण काढून मूठ धरली आणि चाकू दोन बोटांनी अलगद बाहेर आला. चामडं वापराने सैलावतं. हे तर कितीतरी दिवसांपूर्वीच सैलावलं असणार.

मागे आबा उभे होते. त्यांनी माझ्या हातातून चाकू घेतला, म्यानात सरकवला, बटण लावलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, येतीस का? चाकू निघंना."

आई पिठाचे हात पुसत आली. तिने टोक धरलं, आबांनी दात-ओठ खाऊन ओढल्यासारखं केलं.

"लय घट्ट शिवलंय पोरीनं," माझ्याकडे न बघता आई म्हणाली.