ताईंच्या धड्यावर ताईंच्याच हातानं

पौष लागला होता. वांगणीत सकाळचं धुकं इतकं दाट, की सायकलवाले उगाच घंटी वाजवत चालले होते. हरिचंद्र भोईरला त्याचं काही नव्हतं. चौथ्या वर्षी गोवर आला तो त्याचे डोळे घेऊनच गेला. धुकं म्हणजे गालाला लागणारा ओलावा, एवढीच त्याची ओळख. तो वालाच्या वाफ्यात उकिडवा बसून शेंगा तोडत होता. भरलेली शेंग बोटाला लगेच कळते, पोकळ असली की दबते. हात शेंगांवर होते, डोकं मात्र उल्हासनगरात, कॅम्प पाचच्या सायबर कॅफेत.

दोन हजार आठ साल. हरिचंद्र ओटीवर शिकवण्या घ्यायचा, आणि तोंडी गणितात त्याच्यापुढे भल्याभल्यांची दांडी उडायची. गावाजवळच्या एका शाळेनं त्याला कायम घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त शिक्षकाची पदविका हवी होती. म्हणून त्यानं दूरशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं. त्या वर्षी नवीन टूम निघाली. वर्गातल्या अकराही जणांनी अध्ययनाचा एकेक सिद्धांत घ्यायचा, त्यावर इंटरनेटवरून शिकवायचा धडा बनवायचा, तो वर्गाच्या पानावर टाकायचा आणि एकमेकांच्या धड्यांवर अभिप्राय लिहायचे. धडा सगळ्या मुलांना झेपेल असा हवा, ही अट.

सायबरचा संगणक मराठी वाचून दाखवत नव्हता. ते काम वर्गातलीच, अंबरनाथच्या एका शाळेत शिकवणारी यशोधरा गायकवाड करायची. दर रविवारी ती त्याला सगळं वाचून दाखवी आणि तो सांगेल ते टाइप करी. आता एकच अभिप्राय उरला होता, तिच्याच धड्यावरचा. मागच्या रविवारी तिनं तो धडा वाचून दाखवला होता, पण हरिचंद्रापर्यंत पोचलाच नव्हता.

"आज कं बोलनार तिला?" कौसाबाईनं, त्याच्या आईनं, शेंगांची पाटी उचलत विचारलं.

"हाय ते बोलीन."

"त्या बायच्या डोल्यांवर शिकतंस तू. ती रुसली तं परीक्षेला कं करशील?"

हरिचंद्रानं हात झटकले, काठी घेतली आणि स्टेशनाची वाट धरली.

अंबरनाथ स्टेशनावर यशोधरा उभीच होती. "जय भीम, हरिभाऊ. स्वेटर उलटा घातलाय."

"सुलटा घातला असता तरी मला तेवढाच गरम."

रिक्षानं दोघं कॅम्प पाचला आली. सायबरवाले लालचंदभाई कुलूप काढतच होते. "आओ साईं, आओ. तुम्हारा रिझल्ट तो जोरदार है. दस में दस अप्रतिम."

ते खरंच होतं. हरिचंद्रानं पाढ्यांचा धडा मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केला होता आणि त्याच्या खाली दहा जणांनी 'अप्रतिम' लिहिलं होतं. वर्गाचा रिवाजच तो. बदलापूरच्या नूतननं पहिल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, आपण एकमेकांचं सांभाळायचं, उगाच कुणाचं वाईट लिहायचं नाही.

"जरा लावा तरी," हरिचंद्र म्हणाला. "माझाच आवाज ऐकतो."

लालचंदभाईंनी स्पीकर मोठा केला. आधी खरखर. मग कौसाबाईचा आवाज: "हाड, हाड. निंग तिकरं." मग कोंबड्या. अकरा मिनिटं कोंबड्याच. पाढ्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्येच राहिलं होतं आणि वर गेलं होतं भलतंच.

यशोधरा हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आली. हरिचंद्रही हसला, मग त्यानं विचारलं, "ताई, दहात तुम्हीपण आहात ना?"

तिचं हसू थांबलं. "आहे. परीक्षा होत्या हो शाळेत. न ऐकताच टाकलं."

त्या क्षणी हरिचंद्राचं ठरलं. त्यानं घसा साफ केला. "लिहा. 'आदरणीय यशोधराताई.'"

"आदरणीय कशाला, मी इथंच बसलेय."

"'आपण ज्ञानरचनावाद घेतला. मूल स्वतः करून शिकतं, हे पहिल्याच ओळीत आलंय. पण अपूर्णांकाच्या ह्या धड्यात मुलाला करायला काही दिलेलंच नाही. सगळं बघायला आहे.'" कळा टकटक चालू होत्या. "'बघा हा शब्द सतरा वेळा आलाय.'"

टकटक थांबली. "मोजलंत तुम्ही?"

"कानाला दुसरं काम काय होतं? पुढे लिहा. 'लाल भाग म्हणजे पाव. ज्याला लाल माहीत नाही, त्या मुलानं पाव कसा ओळखायचा?'"

"हे जरा मऊ करू का?"

"नको. मऊ करून करूनच तर माझ्या कोंबड्या पास झाल्या."

चार कळा वाजल्या. मग खुर्ची सरकली, चपला वाजल्या, दार कुरकुरलं.

"साईं, मॅडम तो गई," लालचंदभाई हळू आवाजात म्हणाले.

"बॅग?"

"बॅग इधरीच है."

हरिचंद्र संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकत बसला. परीक्षा एप्रिलात. तीन पुस्तकं वाचायची बाकी. "लालचंदभाई, आप मराठी पढ़ लेते हो?"

"बोर्ड पढ़ लेता हूँ. किताब नहीं."

संपलं, असं त्याच्या मनात आलं. आईचं ऐकायला हवं होतं. पण कोंबड्या आठवल्या आणि वाटलं, नाही, बोललो तेच बरोबर.

दार पुन्हा वाजलं. तळलेल्या मैद्याचा आणि डाळीचा वास आत आला.

"भुकेल्या पोटी मला राग दुप्पट येतो," यशोधरा म्हणाली. "म्हणून दाल-पकवान आणलं. आता मी डोळे मिटलेत. लालचंदभाई, मेरा धडा पढ़ो."

लालचंदभाई अडखळत वाचू लागले. "मुलांनो, इथे बघा. चित्र एक."

"किधर?"

"इधर, मॅडम. स्क्रीन पे."

"माझे डोळे बंद आहेत."

"तो मैं क्या करूँ, चित्र को आवाज थोड़े ही होता है."

यशोधरानं डोळे उघडले. पकवानाची एक कडक पुरी उचलून तिनं त्याचे चार तुकडे केले आणि हरिचंद्राच्या तळहातावर ठेवले. "सांगा, पाव कुठला?"

त्यानं कडा चाचपल्या. "ह्यातला एकही नाही. हा अर्ध्याला आलाय, आणि हा नुसता चुरा."

"समान भाग हवेत, हे माझ्या धड्यात कुठं आलंच नाही," ती पुटपुटली. तिनं बॅगेतला डबा काढला, पोळी घेऊन मधोमध दुमडली, पुन्हा दुमडली, घडीवर फाडली. चार तुकडे त्यानं एकावर एक ठेवले. काठाला काठ बसला.

"आता पाव," हरिचंद्र म्हणाला, आणि एक तुकडा डाळीत बुडवून खाल्ला. "आणि आता राहिला पाऊण."

यशोधरा संगणकापाशी बसली ती तासभर हललीच नाही. तोंडानं मोठ्यानं बोलत नवा धडा लिहीत होती. "घरातली पोळी किंवा भाकरी घ्या. भाकरी दुमडत नसेल तर कागद घ्या. मधोमध घडी घाला, बोटानं दाबा." शेवटी तिनं हरिचंद्राचा अभिप्राय शब्दही न बदलता वर टाकला.

दुपारी नूतनचा फोन आला. "काय गं, त्यानं तुझी सालटी काढली? आपलं ठरलं होतं ना?"

"आता तुझा नकाशाचा धडा पुन्हा काढायला सांगणारे त्यांना," यशोधरा म्हणाली. मग नूतननं विचारलं, हरिभाऊ पुढच्या रविवारी किती वाजता येतात.

"साडेनऊला," यशोधरानं सांगितलं. फोन ठेवून ती हरिचंद्राला म्हणाली, "ऐकलंत ना, साडेनऊ. मानसशास्त्राचं पुस्तक घेऊन या. आणि पाढेच आणा, कोंबड्या नकोत."

घरी पोचला तेव्हा कौसाबाई ओटीवर वाटच बघत होती. "रुसली कं?"

"रुसली. पन जेवली नि बसली कामाला."

"मंग बरा झाला. पोटात कं गेलं?"

"पाव नि पाऊन, सगलं गेलं. आये, दलन कुठं हाय?"

तिनं तांदळाचा डबा त्याच्या हातात दिला. त्यानं तो खांद्यावर घेतला, काठी उघडली आणि गिरणीच्या पट्ट्याचा आवाज येत होता त्या बाजूला निघाला.